सिंधूच्या जुन्या मुखाकडे

स्नानाच्या वेळीं आपण ज्या सात नद्यांस कलशांत आवाहन करितों, त्यांपैकीं सहांचें दर्शन आम्हां उभयतांस यथाकाल घडलें होतें. प्रयागास गुप्त असलेली सरस्वती दर्शनांत धरावी कीं नाहीं, हा प्रश्न होता. पण तो सौभाग्यवतीनें केवळ श्रद्धेच्या बळावर निकालांत काढला. राहिली सिंधु. ती १९४७ पासून बहुतांशीं परराज्यांत वाहते. लडाखांत लेह येथें तिचें दर्शन सुलभ आहे खरें. परंतु साडेअकरा हजार फुटांवरची विरळ हवा आमच्या घरांतील दम्यास मानवणार नाहीं, असा डॉक्टरांनीं स्पष्ट निर्णय दिला. तेव्हां मीं भागवत काढलें. षष्ठ स्कंधांत दक्षप्रजापतीचे पुत्र हर्यश्व तपासाठीं पश्चिमेस नारायणसरास गेले, अशी कथा आहे; आणि तें तीर्थ सिंधु व समुद्र यांच्या संगमावर असल्याचें तेथेंच सांगितलें आहे. कच्छच्या पश्चिम टोंकास असलेलें नारायणसरोवर तेंच होय, असें परंपरा मानते. कच्छ तर आपल्याच देशांत. मग माघ महिन्यांत आम्ही भुजेस जाऊन पोंचलों व तेथून भाड्याची मोटार केली. सारथी तिकडचाच एक तरुण मुसलमान गृहस्थ होता. तो पहिल्याच दिवसापासून सौभाग्यवतीस 'बा' म्हणूं लागला. गुजराथींत बा म्हणजे आई.

भुज शहर २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानें मोडलें आणि पुन्हां उभें राहिलें, हें वाचकांस विदित आहेच. मला तेथें अधिक मौजेची वाटली ती हमीरसर तलावाची चाल. हा तलाव पावसाळ्यांत तुडुंब भरून सांडव्यावरून वाहूं लागला, कीं त्याची पूजा होते, गांवास सुटी मिळते आणि 'मेघलाडू' वाटतात. आपल्याकडे पाऊस फार झाला म्हणून शाळेस सुटी देतात; तेथें तलाव भरल्याच्या आनंदानें देतात. वाळवंटाच्या कांठीं राहणाऱ्या माणसाच्या मनांत पाण्याचें काय मोल असतें, तें समजण्यास एवढें पुरे.

दुसऱ्या दिवशीं खावड्यावरून धोळावीऱ्यास गेलों. नवा रस्ता रणाच्या मधून जातो. दोन्ही बाजूंस दृष्टि पोंचेल तेथवर मीठ! झाड नाहीं, पांखरूं नाहीं. पांढऱ्या भुईला उन्हांत पाण्याची झांक येते आणि मृगजळ हा शब्द ज्यांनीं केला त्यांची निरीक्षणशक्ति वंदनीय वाटते. रणांतील खडीर बेटावर साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या नगराचे अवशेष आहेत. १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखालीं त्यांचें उत्खनन झालें आणि २०२१ सालीं त्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. येथील लोकांस बारमाही नदी नव्हती. मनसर व मनहर असे दोन ओढे, तेहि पावसाळ्यापुरते वाहणारे. त्यांस बांध घालून, नगराच्या तटालगत मोठमोठीं टांकीं बांधून व कांहीं खडकांत खोदून, त्यांनीं पाणी सांठविलें. एका टांक्याच्या पायऱ्या इतक्या नीटस आहेत कीं सौभाग्यवती सहज खालीं उतरूं लागली; रखवालदारानें हटकलें तेव्हां थांबली.

भुजेस परतून आम्ही वायव्येस निघालों. वाटेंत माताना मढ येथें आशापुरेचें दर्शन घेतलें. पुढें वस्ती तुटत गेली. बाभळी, उंटांचे तांडे आणि क्वचित् एखादें गांव, एवढाच देखावा. तिसऱ्या प्रहरीं लखपत आलें.

लखपतचा तट सुमारें सात किलोमीटर लांबीचा आहे. १८०१ सालीं जमादार फतेह महंमद यानें तो बांधविला. शिंदेशाही सोडाच, एखाद्या लहान राजधानीसही तो शोभावा. पण आंत पाऊल ठेवावें तों सारें रिकामें! तुरळक घरें, गुरु नानकांच्या स्मृतीचा स्वच्छ गुरुद्वारा, कांहीं सुंदर कबरी, आणि मधल्या विस्तीर्ण जागेंत वेड्या बाभळी. या गांवीं दिवसास एक लाख कोरी उत्पन्न येत असे, म्हणून लखपत, अशी व्युत्पत्ति लोक सांगतात. (कोरी हें कच्छचें नाणें. मला स्वतःला हें नांव राव लखपतजींवरून पडलें असावें, हेंच अधिक संभवनीय वाटतें.) पण व्यापार होता, हें निश्चित. सिंधूचा एक फांटा येथवर येई. नावा येत, आसपास भात पिके.

आम्ही तटावर चढलों. समोर कोरी खाडीचा करडा चिखल आणि त्यापलीकडे क्षितिज. बुरुजावर सीमेचा पहारा करणारा जवान. सौभाग्यवतीनें विचारलें, "नदी कोठें आहे?"

"हीच तिची जागा. ती गेली."

"आपण होऊन गेली, कीं माणसांनीं घालविली?"

प्रश्न मार्मिक होता, आणि त्याचें उत्तर दोन्ही बाजूंचें आहे. १७६२ सालीं झाऱ्याच्या डोंगराशीं कच्छ व सिंध यांची घोर लढाई झाली. त्यानंतर सिंधच्या गुलामशाह कल्होऱ्यानें नदीच्या या फांट्यावर बांध घालून कच्छचें पाणी तोडलें, आणि भाताची शेतें मिठाला मिळालीं. पुढें १६ जून १८१९ रोजीं भूकंप झाला. उत्तरेस सुमारें ऐंशी किलोमीटर लांबीचा भूभाग कोठें कोठें वीस फुटांपर्यंत वर उचलला गेला. त्याच्या दक्षिणेची जमीन खचून सिंद्रीचा किल्ला पाण्याखालीं गेला. तेथील माणसें एकाच उरलेल्या बुरुजावर चढून बसलीं व दुसऱ्या दिवशीं नावांनीं सुटलीं. त्या नव्या उंचवट्यास लोकांनीं 'अल्ला बंद' म्हटलें. इतर बांध माणसांचे, हा ईश्वराचा, एवढाच भेद. १८२६ च्या महापुरानें नदी तो फोडून एकवार आली, परंतु टिकली नाहीं. हळूहळू लखपतचे व्यापारीही निघून गेले.

तेथून नारायणसरोवर जवळच आहे. सरोवरांत आम्ही स्नान केलें, सातही नद्यांचीं नांवें घेतलीं. मग कोटेश्वरास गेलों. तें शिवालय अगदीं खाडीच्या तोंडाशीं, जणूं देशाच्या शेवटच्या पायरीवर आहे. सौभाग्यवतीनें सिंधूचें जल आणावयाचें म्हणून घरून तांब्याचा एक गडू घेतला होता. ती वाकून ओंजळभर पाणी तोंडास लावून पाहूं लागली, आणि उठली. गडू रिकामाच राहिला.

"खारट आहे," ती म्हणाली. "सिंधूचें दर्शन झालें असें मी कोणास सांगणार नाहीं. तिच्या घरीं जाऊन आलें, ती घरीं नव्हती, इतकेंच सांगेन."

मी पौराणिक प्रमाणांनीं तिचें समाधान करूं पाहिलें. पण तिला समाधान नको होतें.

शेवटचा मुक्काम मांडवीस झाला. रुक्मावतीच्या कांठीं आजही लांकडी गलबतें बांधतात. तीन मजली घराएवढा सांगाडा उघड्यावर उभा असतो आणि सुतार त्याच्या फांसळ्यांवरून सहज हिंडतात. शामजी कृष्ण वर्मा हे संस्कृतज्ञ व क्रांतिकारक १८५७ सालीं याच गांवीं जन्मले. सावरकरांनीं १९०६ मध्यें ज्यांच्या शिष्यवृत्तीवर विलायत गांठली, ते हेच. त्यांच्या अस्थि २००३ सालीं जिनेव्हाहून मायदेशीं आल्या.

धर्मशाळेंतील नळास गोडें पाणी पाहून सौभाग्यवतीनें तें कोठलें म्हणून विचारलें. "नर्मदेचें, बा!" सारथ्यानें अभिमानानें सांगितलें. तो अभिमान योग्यच होता. नळांवाटे तें पाणी पूर्वींच आलें होतें, आणि २०२२ सालीं ३५७ किलोमीटर लांबीचा कच्छ शाखा कालवाही या मांडवी तालुक्यापर्यंत पोंचला. त्याच्या आईनें जन्मभर डोक्यावर हंडे वाहिले होते.

सौभाग्यवती कांहीं वेळ बोलली नाहीं. तिचें माहेर तळोद्याचें. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील तेहेतीस गांवांची जमीन गेली. तेथून उठविलेल्या कांहीं कुटुंबांस तळोदें तालुक्यांतच वसविलें आहे, आणि माहेरीं गेलें कीं तिची त्यांच्याशीं गांठ पडते. तिनें सारथ्यास त्या गांवांची हकीकत सांगितली. त्यानें ती खालीं बसून शेवटपर्यंत ऐकली, आणि तीं माणसें आतां पाणी कोठून भरतात, असें विचारलें. कोणाच्या दारीं नळ आहे, कोणाची विंधणविहीर उन्हाळ्यांत आटते, जें तिला ठाऊक होतें तें तिनें सांगितलें.

सकाळीं निघतांना तिनें तो तांब्याचा गडू त्या नळाखालीं भरला, झांकण घट्ट लावलें आणि मोटारींत स्वतःच्या पायांशीं ठेवला. भुजेपर्यंत रस्ता चांगला आहे; दीड तासांत पोंचलों.