‘एरेस तू’ आणि आपले ‘तू’

‘बॅलड’ म्हणजे पोवाडा, असे आपण वर्गात सवयीने सांगून जातो. या समीकरणाला जुना आधार आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह सिद्ध केला आणि १८९४ मध्ये ॲक्वर्थसाहेबांनी त्यांतल्या निवडक रचना ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावाने इंग्रजीत नेल्या. पण स्पॅनिशमध्ये या कथनपर प्रकाराला ‘रोमान्से’ म्हणतात. लोर्काचा १९२८ चा प्रसिद्ध संग्रह त्याच परंपरेतला. आज तिथे ‘बालादा’ म्हटले की संथ लयीचे, एकाने एकाला उद्देशून गायिलेले प्रेमगीत डोळ्यांपुढे येते. म्हणजे आपले भावगीत. इंग्रजीच्या मध्यस्थीने दोन भाषांची ओळख करून घेतली की असे घोटाळे व्हायचेच.

अशाच एका बालादाविषयी लिहायचे आहे. ७ एप्रिल १९७३ रोजी लक्झेंबर्ग येथे झालेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत स्पेनच्या वतीने ‘मोसेदादेस’ हा बिल्बाओचा गायकवृंद ‘एरेस तू’ गायला. गीत व संगीत हुआन कार्लोस काल्देरोन यांचे, मुख्य स्वर आमाया उरांगा यांचा. गाण्याला १२५ गुण मिळाले. यजमान लक्झेंबर्गचे फ्रेंच गीत १२९ गुणांनी पहिले आले. (चाल १९६६ च्या युगोस्लाव्ह प्रवेशिकेवरून उचलल्याचा आरोपही झाला. त्या स्लोव्हेनियन गीताच्या शीर्षकाचा अर्थ ‘शब्दांवाचून’ असा होतो, हा योगायोग आम्हांला फार आवडतो.) प्रत्येक देशाने आपल्याच भाषेत गावे, हा नियम त्याच वर्षी उठला होता. पुढच्याच वर्षी स्वीडनचा ‘आबा’ वृंद इंग्रजीत गाऊन जिंकला. स्पेनने मात्र सवलत घेतली नाही, आणि १९७४ मध्ये हेच स्पॅनिश गीत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत नवव्या क्रमांकापर्यंत चढले.

त्याच गीताचे इंग्रजी रूपही निघाले होते. त्याचे शीर्षक ‘टच द विंड’, म्हणजे वाऱ्याला स्पर्श कर. मूळ शीर्षकाशी त्याचा काही संबंध नाही. ‘एरेस’ म्हणजे ‘आहेस’. मराठीप्रमाणेच स्पॅनिश क्रियापदाच्या पोटात पुरुष आणि वचन सामावलेले असते. कर्ता उच्चारला नाही तरी चालते. म्हणून तो मुद्दाम, आणि तोही शेवटी, उच्चारला की ‘आहेस, ती तूच’ असा ठसा उमटतो. शिवाय तो ‘तू’ आपल्या ‘तू’सारखाच उच्चारला जातो, आणि आदरार्थी ‘उस्तेद’ शेजारी असल्याने त्यातली सलगीही तीच. संतांनी विठ्ठलाला ज्या एकेरीत हाक मारली, तिथवर हा शब्द आपोआप पोहोचतो. गीतातल्या प्रतिमाही पाणी, विस्तव, भाकरी अशा घरातल्याच आहेत. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये ही एकेरी मावत नाही, भाषांतरकाराने वाऱ्याकडे धाव घेतली यात नवल नाही.

मात्र स्पॅनिशला केवळ स्वाभिमानी धाकटी भाषा मानणे भाबडेपणाचे ठरेल. पाचच वर्षांपूर्वी, १९६८ मध्ये, जोआन मानुएल सेर्रात यांनी स्पेनचे गीत कातालानमध्ये गाण्याचा आग्रह धरला. फ्रँकोच्या राजवटीला तो मानवला नाही. ऐन वेळी मासिएल यांना लंडनला पाठवले, त्या स्पॅनिशमध्ये गायल्या आणि जिंकल्या. परक्या मंचावर जी भाषा ताठ उभी राहते, ती आपल्या घरात दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवू शकते.

हे आम्हांला नव्याने उमगले ते सावंगी (मेघे) येथून वर्ध्याला शिकायला येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीमुळे. युवक महोत्सवासाठी तिने स्वतः भावगीत लिहिले आहे. ‘तुले’ असा तिचा शब्द. परीक्षकांना खटकेल, ‘तुला’ कर, असा सल्ला तिला कुणीसा दिला. छंदाच्या दृष्टीने हरकत काहीच नाही. दोन्हींत लघु-गुरू तेच, मात्रा तीनच. आम्ही दोन्ही पाठ तिच्याकडून म्हणवून घेतले. ‘तुला’ म्हणताना ती ताठ बसून, समोरच्या भिंतीकडे पाहून म्हणते. ‘तुले’ म्हणताना तिचा आवाज खाली येतो, जणू ऐकणारा हाताच्या अंतरावर आहे. ‘एरेस तू’ तिला ऐकवले. शब्द कळले नाहीत, पण तो ‘तू’ तिने नेमका पकडला आणि विचारले, “सर, ही आपलीच तू हाये का?”

तिने ‘तुले’च ठेवले आहे. दुसऱ्या अंतऱ्याची चाल अजून बसायची आहे.