सेहेचाळीस नंबरची तार

दादांच्या गिटारीने मौन धरले, त्यास दोन वर्षे झाली होती. १९७०च्या दशकात इंदूरच्या गणेशोत्सवांतून आणि लग्नघरांतून वाजलेली ती गिटार गवसणीत पडून होती. दादांच्या हातास अलीकडे कंप असतो. पुतण्या म्हणाला, नवा पिकअप मागवितो. दादा म्हणाले, "राहू दे." त्या 'राहू दे'ने आम्हांस रात्रभर झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गिटार घरी आणली.

पिकअप ही काही जादू नव्हे, वाचकहो. सहा तारांखाली सहा लोहचुंबक, आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलते व वेढ्यांत वीज उमटते. १८३१ साली फॅरेडेने दाखविलेले तत्त्व ते हेच. आम्ही मीटर लावला. काटा जागचा हलेना. टोकांचे सोल्डरिंग पुन्हा केले, तरी तेच. तार आत तुटली होती.

पुस्तकात लिहिले होते, बेचाळीस नंबरची तार. महाराणी रोडवरून ती आणली. अमेरिकेत पहिल्या विजेच्या गिटारी बांधणाऱ्यांनी वेढे घालण्यास वॉशिंग मशीनची मोटार वापरली, असे सांगतात. आमच्या घरी सौ.चे हाताने फिरवावयाचे शिवणयंत्र होते. दोरा भरण्याच्या चाकावर रीळ बसविले. खडूची खूण करून पाहिले: दांड्याच्या एका फेऱ्यात रीळ बारा वेळा फिरते. शंभर फेऱ्यांस एक चिंचोका, असा सौ.ने हिशेब धरला. तिसरा चिंचोका पडण्यापूर्वीच रीळ भरून वाहू लागले! मीटरवर एक किलो-ओहमसुद्धा भरेना. हवे होते सहाच्या आसपास.

दोष दुकानदाराचा नव्हता. पुस्तक अमेरिकन मापाचे, बाजार ब्रिटिश मापाचा. अमेरिकन बेचाळीस म्हणजे ०.०६ मिलिमीटर, आपल्याकडची बेचाळीस ०.१० मिलिमीटर. आम्हांस हवी होती ती इथली सेहेचाळीस. आयुष्यभर हिशेबनिसी केलेल्या माणसाने एकक तपासू नये, हे सौ.ने बोलून दाखविले, आणि ते योग्यच होते.

सेहेचाळीस नंबरची तार श्वासानेही हलते. ती दोनदा तुटली. तिसऱ्या खेपेस आम्ही दांडा फिरवीत होतो आणि सौ. दोन बोटांत मखमलीचा तुकडा धरून तार सोडीत होती. सहा चिंचोके व वर सदुसष्ट फेरे. मीटर म्हणाला, ५.९. मग भांड्यात भांडे ठेवून मेण वितळविले (थेट आचेवर ते पेटते) आणि रीळ त्यात बुडविले. सैल वेढे राहिले तर मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो.

गिटार जोडली. एकटा पिकअप उत्तम वाजे. जुन्यासह लावला की दोघांचा आवाज पातळ, नाकातला. दोघे एकमेकांस खोडीत होते. नव्याच्या दोन वायरींची अदलाबदल करताच सूर भरला.

दादांनी गिटार मांडीवर घेतली. कंप होताच. एक सूर लावून ते बराच वेळ ऐकत राहिले; मग जुन्या पिकअपवर नख वाजवीत म्हणाले, "याचाही आवाज बसलाय रे. तार उरली आहे का?"