सडणारी भुतं

ऑक्टोबर सरता सरता इलिनॉयमध्ये सहाच्या आत दिवस मावळतो. मेपलची पानं ओल्या पायवाटांना चिकटून राहतात आणि पायऱ्यापायऱ्यांवर कोरलेले भोपळे पेटतात. आतल्या मेणबत्तीच्या धगीनं वरचं झाकण जरासं करपतं. तो गोडसर, करपट वास मला फार आवडतो. पुढच्या चार-सहा दिवसांत हनुवटी खचते, ओठ आत वळतात, दातांवर बुरशीची लव धरते. एखादी खार येऊन डोळा कुरतडून जाते. सुरीला साधली नसती अशी भीषण मुद्रा थंडी-पाऊस फुकटात घडवतात.

पलीकडच्या अंगणातला प्लॅस्टिकचा सांगाडा मात्र दर हॅलोविनला तसाच टवटवीत हसतो. त्याला मरणच नाही. झुडपांवर ताणलेल्या खोट्या कोळिष्टकांत खरी पाखरं अडकतात, आणि चेटकिणीचे झगे बहुधा पॉलिएस्टरचेच. आमच्या गल्लीत निदान कपडे फिरतात. गेल्या वर्षीचा वाघ यंदा शेजारच्या पोरात शिरतो.

मुळात हा सण सरत्या सुगीचा. आयर्लंडमध्ये त्याला साउइन म्हणत. माळावरची गुरं घरी यायची, वर्षाचा काळोखा भाग सुरू व्हायचा. दिवे कोरत ते सलगमाचे. डोनेगॉलकडच्या अशा एका दिव्याची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: सुरकुतलेला, दात विचकणारा चेहरा. त्याच्यापुढे आमचे भोपळे अगदीच बाळबोध. पोटासाठी समुद्र ओलांडून आलेल्या आयरिश माणसांना इथे भोपळा मिळाला, मोठा आणि आतून आयताच पोकळ.

आपला तांबडा भोपळाही मूळचा या खंडातला. तो उलट दिशेनं समुद्र ओलांडून आला आणि घारग्यांत असा मुरला की कुणाला परका वाटेना. कोरायच्या भोपळ्याचे घारगे करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. गर पाणचट, रेषाळ. त्याच्या बिया तिखटमीठ लावून भाजाव्यात. घारग्यांसाठी पिओरियाजवळच्या मॉर्टनच्या शिवारात डबाबंद गराकरता पिकतो तो फिकट, लांबोडका भोपळा बरा. तो आपल्याच भोपळ्याच्या जातकुळीतला, आणि गुळाशी त्याचं लगेच जमतं.

कोरलेल्या भोपळ्याचं उरलेलं धूड लँडफिलमध्ये गाडलं गेलं, की हवेवाचून कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. म्हणून शिकागोच्या उपनगरांत 2014 पासून हॅलोविननंतरच्या शनिवारी भोपळे फोडण्याचा कार्यक्रम होऊ लागला. मुलं भोपळे आपटतात, भिरकावतात, कुठे गोफणीतून उडवतात. लगद्याचं खत होतं. मेणबत्त्या नि सजावट काढून आणायची, रंग फासलेले भोपळे आणायचे नाहीत, एवढीच अट. रांगेत पोरं आपापला खचलेला राक्षस पोटाशी धरून उभी असतात. एखादं ऐनवेळी सोडायलाच तयार नसतं, आणि मागून बाप ओरडतो, "फेक रे, पुढच्या वर्षी दुसरा आणू!"