ना काठ, ना पदर

तुला पाटी नव्हती. लागलीच नाही कधी. ज्याला यायचं असे, त्याचे पाय त्याला बरोबर तुझ्यापाशी आणत.

एक ओटा. भिंतीला टेकलेले उभे कळक. मडक्यांची उतरंड, गोवऱ्यांची थप्पी, सुतळीचे तोडे, मांजरपाटाचा तागा. आणि वर तारेला लोंबणारा पिवळा दिवा. सारी गल्ली निजली तरी जागा असलेला.

आता तो नाही.

आजी गेली तेव्हा काकांचं बोट धरून आलो होतो. तुझ्या म्हाताऱ्याने नाव विचारलं नाही. गल्ली विचारली नाही. “उंची?” एवढंच. काकांच्या तोंडून शब्द फुटेना. मग मीच हात वर केला. माझ्या डोक्याच्या जरासा वर. एवढी. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, आणि कळक उचलला.

तो हात अजून कधीकधी अवघडतो.

येवला पैठणीचं गाव. गल्लीगल्लीतून मागाचा खटका. रेशमावर मोर उतरतात, काठाला नारळी धरते, पदर जरीने जड होतो. तुझ्या ताग्याला काठ नव्हता. पदर नव्हता. जन्मभर जरीचे मोर विणलेली बोटंही शेवटी त्याच कोऱ्या पांढऱ्यात मिटून गेली.

आणि पौष लागला की त्याच ओट्यावर, त्याच कोयत्याखाली, त्याच कळकाच्या आसाऱ्या होत. संक्रांतीला गाव पत्र्यांवर, धाब्यांवर चढे. आभाळ पतंगांनी भरून जाई. मांजा सुटत राही, सुटत राही. आसारी हातात भिरभिरे. खाली, तुझ्या दाराशी, उरलेले कळक भिंतीला टेकून उभे. वाट न पाहता.

आजाने बांधल्या, मग बापाने, मग लेकाने. भर पावसात आणि भर उन्हात, लग्नाच्या वरातीचा बँड कोपऱ्यावर वाजत असताना आणि पहाटेच्या त्या वेळी जेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, बाप गेलेल्यासाठी, लेक गेलेल्यासाठी, पैसे मोजताना ज्याची बोटं थरथरत त्याच्यासाठी आणि ज्याच्याकडे मोजायला काहीच नसे त्याच्यासाठी, दोन लांब कळक, त्यांवर आडव्या कामट्या, त्यांवर गवत, आणि प्रत्येक गाठ अशी घट्ट, की चार खांद्यांवरून विसाव्यापर्यंत आणि विसाव्यापासून पुढे, कुणाचंही माणूस वाटेत जरासुद्धा कलू नये.

भाव कोणी केला नाही.

उरलेली सुतळी कोणी घरी नेली नाही.

निघताना कोणी ‘येतो’ म्हणालं नाही. तूही कधी ‘या’ म्हणालं नाहीस.

सगळेच तुझ्या वाटेने गेले असंही नाही. १८१४ साली याच मातीत जन्मलेले तात्या टोपे १८ एप्रिल १८५९ला दूर शिवपुरीत फासावर गेले. त्यांच्यासाठी इथला कळक चिरला गेला नाही. गावाचा खांदा तेवढा रिकामा राहिला.

आणि १३ ऑक्टोबर १९३५. त्या दिवशी बाबासाहेब इथे, याच गावात, आपल्या मरणाविषयी बोलले. जन्म हातात नव्हता; मरताना मात्र हिंदू म्हणून मरणार नाही, म्हणाले. २१ वर्षांनी नागपुरात त्यांनी बुद्धाची वाट धरली, आणि त्याच वर्षी, ६ डिसेंबरला, दिलेला शब्द पाळून ते गेले. मरणही माणसाचं स्वतःचं असू शकतं, हे गावाने असं ऐकलं.

आणि तुझं?

दुकानाला खांदा नसतो. वाटेत विसावा नसतो. दहाव्याला पिंड नसतो, की कावळा शिवला का म्हणून कोणी ताटकळत नाही. एक दिवस फळ्या लागतात. दुसऱ्या दिवशीही लागलेल्याच असतात. तिसऱ्या दिवशी डोळ्यांना सवय होते. सुतक कोणालाच नाही.

परवा आलो होतो. ऑक्टोबरचं ऊन. पाऊस नुकता सरलेला. ओट्याच्या कोपऱ्यात एकच मडकं राहून गेलंय. कोण नेणार? तुझ्याकडचं उरलेलं घरी न्यायचं नसतं.

वाकून पाहिलं.

काठोकाठ भरलेलं. पावसाचं पाणी, आणि त्यात आभाळाचा गोल तुकडा. याच्या सोबतीची सगळी मडकी कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर गेली, दगडाच्या टोच्याने फुटली, तीन फेऱ्यांत रिती झाली. हे एकच भरून बसलंय. एक चिमणी आली. काठावर टेकली. पाणी प्यायली, आणि आभाळ हललं.

दूर कुठे मागाचा खटका चालू होता.

ओटा उतरलो. सवयीने ‘येतो’ ओठांवर आलं.

गिळलं.