मायक्रोवेव्हमधली काळी वडी



परवा लेकीने विचारलं, "बाबा, मायक्रोवेव्हमध्ये दगड तापतो का?" म्हटलं, कुठला दगड त्यावर आहे. त्यावरून पीएचडीतली एक फजिती आठवली.

आमच्या लॅबमध्ये इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड हा सुपरकंडक्टर करायचा म्हणजे भुकट्या खलायच्या, ९०० अंशांच्या वर रात्रभर भाजायच्या, पुन्हा खलायच्या, पुन्हा भाजायच्या. दोन-तीन दिवस सहज जात. १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅगहर्स्ट, मिंगोस प्रभृतींनी हे काम मायक्रोवेव्हने मिनिटांच्या हिशेबात आणलं होतं. गाइड म्हणाले, "करून बघ."

यातली गंमत कॉपर ऑक्साइडमध्ये आहे. ते मायक्रोवेव्ह चांगलं शोषतं आणि आतून तापतं. ॲल्युमिनाची मूस मात्र सुरुवातीला ढिम्म असते. बेरियम नायट्रेटमधून तांबूस विषारी वायू निघतो, म्हणून एक जुना ओव्हन फ्यूम हूडखाली मांडला. (घरी करू नका, हे लेकीलाही बजावलंय.)

पहिली वडी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली आणि वर लोहचुंबक तरंगला! मी लगेच ग्रुप मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. पुढच्या चार वड्यांवर चुंबक हलेचना.

पाचवी फोडली तेव्हा कळलं. बाहेरून काळी, आत हिरवीगार. पदार्थ तापेल तसा अधिक शोषतो, त्यामुळे मधला भाग वितळून बिघडला होता. तापमान कळायला मार्ग नव्हता. साधा थर्मोकपल त्या ओव्हनमध्ये ठिणग्या पाडतो. शिवाय घरगुती ओव्हनचं 'लो' म्हणजे कमी ताकद नव्हे, पूर्ण ताकदीची चालू-बंद.

पुढच्या मीटिंगला उभं राहून आधीचं विधान मागे घेतलं. कानाच्या पाळ्या अजून गरम होतात आठवून. गाइड रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "एका वडीवर पेपर होत नाही."

मग थोडं थोडं तापवायचं, काढून खलायचं, पुन्हा ठेवायचं, असं सुरू केलं. शेवटी मात्र जुन्याच फर्नेसमध्ये, ऑक्सिजनच्या झोतात, ४०० ते ५०० अंशांवर रात्रभर. वडीत ऑक्सिजन मुरल्याशिवाय ती सुपरकंडक्टर होत नाही, आणि मुरायला वेळ हा लागतोच. सलग सहा वड्यांवर चुंबक तरंगला, तेव्हा कुठे गाइडच्या दारावर टकटक केली.