जात्याची सोबत

परभणीहून परळीकडे जाणारी गाडी दक्षिणेस वळली म्हणजे दोहों बाजूंस काळ्याभोर जमिनीचा पट्टा उलगडत जातो. ज्वारी, कापूस, तूर ही येथील नित्याची पिके. पुढे गोदावरीचा पूल ओलांडला की गंगाखेड येते. येथील माणसे गोदावरीस गंगाच म्हणतात. गावाच्या नावातही तीच गंगा आहे.

हे संत जनाबाईंचे जन्मगाव. दमा आणि करुंड या मातापित्यांची ही कन्या लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली व नामदेवांच्या घरची दासी म्हणून आयुष्यभर राबली. इतर संत म्हटले की वीणा, चिपळ्या अथवा टाळ डोळ्यांपुढे येतात. जनाबाई म्हटले की मात्र महाराष्ट्रास आठवते ते जाते. पंढरपुराजवळ गोपाळपुरास त्यांचे म्हणून एक जाते आजही यात्रेकरूंस दाखवितात. विठ्ठल स्वतः येऊन जनीला दळू लागला, ही कथा कोणास ठाऊक नाही? पण ही कथा सांगणाऱ्या आम्हां पुरुषांपैकी पायलीभर ज्वारी स्वतः दळून पाहिलेले किती निघतील, हा प्रश्न आमच्या मनात गंगाखेडास पोहोचेपर्यंत आला नव्हता. तो आला तो आमच्या यजमानांच्या वाड्यात.

वाडा जुना. तो पाडून तेथे नवे घर बांधावयाचे ठरले होते. तुळया, दारे, तांब्याची भांडी यांची वाटणी झालेली. प्रश्न उरला होता तो माजघरातील जात्याचा. एका व्यापाऱ्याने ते मागितले होते. शहरातील उपाहारगृहाच्या दारात शोभेसाठी अशी जाती मांडतात म्हणे. यजमान देण्यास तयार होते; त्यांच्या मातोश्री, म्हणजे आमच्या काकू, तयार नव्हत्या.

जाते हे यंत्र किती साधे आहे! खालची तळी स्थिर. तिच्या मध्यभागी बसविलेल्या खिळीभोवती वरची तळी फिरते. कडेचा लाकडी खुंटा धरून ती फिरवावयाची आणि वरच्या तोंडात मुठीमुठीने वैरण घालावयाची. दगड येथलाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण. फिरून फिरून तो गुळगुळीत झाला म्हणजे पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावयाची, की जाते पुन्हा नव्यासारखे चालू लागते. ना तेल, ना वीज. खुंटा झिजतो, तो बदलावा. दगड मात्र सासूकडून सुनेकडे, सुनेकडून नातसुनेकडे जातो.

परंतु या साधेपणाची किंमत बायकांच्या हातांनी मोजली आहे. ज्वारीचे पीठ शिळे झाले की भाकरी थापताना तिला चिरा पडतात. म्हणून या ज्वारीच्या मुलखात दळण वारंवार, बहुधा रोजच, करावे लागे, आणि तेही घर जागे होण्यापूर्वी.

"दळण सुटले त्या दिवशी आम्ही सुटलो," काकूंनी स्पष्टच सांगितले. "हात भरून यायचे, खांदे उतरायचे. माझ्या सुनेने पुन्हा तिथे बसावे असे मी स्वप्नातही म्हणणार नाही."

"मग आई, ठेवायचे तरी कशाला?" यजमानांनी विचारले.

"अरे, गिरणी आली तरी कधी तिच्या इंजिनाला तेल नसे, कधी पावसाने वाट मोडे. याने मात्र एक दिवस 'नाही' म्हटले नाही. आणि नव्या नवरीचे या घरात ऐकून घेणारे दुसरे होते तरी कोण?"

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्ही स्तब्ध झालो. सासरी तोंड उघडण्याची जिला चोरी, तिला जात्याच्या घरघरीत गाण्याची मुभा होती. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, विठ्ठल, पुढे बाबासाहेब आंबेडकर, सारे त्या ओव्यांत आले. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातील १,००० हून अधिक गावांतून १,००,००० हून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत याच जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही आहेत. एवढे वाङ्मय ज्या दगडापाशी बसून बायकांनी रचले, त्यास केवळ पीठ पाडण्याचे साधन कसे म्हणावे?

बायबलातील अनुवाद या ग्रंथात असा नियम आहे की, कोणाच्या जात्याची खालची वा वरची तळी गहाण म्हणून घेऊ नये. कारण ते त्याचा जीवच गहाण घेण्यासारखे होय. दूरच्या त्या मुलखातील शास्त्रकारांस जे कळले होते तेच आमच्याकडील रीतीतही दिसते. पिठाची गिरणी गल्लोगल्ली झाली, तरी लग्नघरात जात्याची पूजा होते, त्यास हळकुंड बांधतात आणि सुवासिनी त्यावर हळद दळतात.

तेव्हा जुन्या साधनाविषयीची माया म्हणजे जुन्या कष्टांविषयीची ओढ नव्हे. कष्ट गेले हे चांगलेच झाले, आणि ते पुन्हा यावेत असे कष्टाचे गोडवे गाणाऱ्यांनी म्हणू नये. पण कष्टांत ज्याने साथ दिली त्यास कष्टांबरोबर टाकून देणे हे कृतघ्नपणाचे होय. गुलामी नको आणि सोबती मात्र हवा, हा भेद काकूंना जितका स्वच्छ कळत होता तितका आम्हां शिकलेल्यांस कळतोच असे नाही.

अखेर काकूंनीच निवाडा दिला. जाते विकावयाचे नाही आणि शोभेला मांडावयाचेही नाही. नव्या घराच्या मागील पडवीत ते राहील. वर्षाकाठी घरच्या तुरीची डाळ त्यावर भरडली जाईल, आणि ती एकट्या सुनेने नव्हे, तर मुलानेही समोर बसून. यजमान हसले, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुताराकडून बाभळीचा नवा खुंटा करून आणला.