खडखड कुठून येते?

आमच्या घरात पहिली मोटार आली ती जुनीच. २००८ सालची मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये जिची पहिली चावी इंदिरा गांधींनी दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले, तीच ही गाडी. इंजिन ठणठणीत, पण आत बसले की चारी बाजूंनी खडखड. आई बसायलाच तयार होईना. "वाटेत सुटून पडंल," म्हणायची. एका शेजाऱ्याने लिंबू-मिरची बांधायला सांगितले. बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या घराला हा सल्ला! गॅरेजमध्ये आतले सगळे प्लास्टिक बदलण्याचा आकडा ऐकला आणि आम्ही गाडी विकायला काढली.

अडवले बाबांनी. त्यांची उमेद सोलापुरात गिरणीच्या साचेखात्यात गेली. त्या गोंगाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे, खुणांवर काम चाले. कान तिथेच अधू झाले. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या हातातल्या कसबाला कोणी विचारले नाही. ते म्हणाले, "तू गाडी चालव, मी हात लावून बघतो."

विजापूर रस्त्याला आम्ही सावकाश फेऱ्या मारल्या. बाबा एकेक भाग तळहाताने दाबत होते. दाबल्यावर आवाज थांबला की तिथे खडूची खूण. अर्धा आवाज तर डिकीतला जॅक आणि पान्यांचाच निघाला! ते जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळले.

मग दरवाजे. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. उन्हाने प्लास्टिकच्या क्लिपा कडक होऊन तुटतात आणि आतले पॅड पत्र्यावर आपटते. नव्या क्लिपा थोड्या पैशात मिळाल्या. मागच्या डाव्या दरवाजात कुलपाची सळई पत्र्याला लागत होती. तिथेही चादर लावू म्हटले, तर बाबा रागावले. काचेच्या फटीतून दरवाजात पावसाचे पाणी उतरते. कापड ते धरून ठेवील आणि पत्रा गंजेल. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

एक आवाज मात्र राहिला. गतिरोधकावर पुढून 'ठक्'. बाबांनी पाय तळाला टेकवून ठेवला आणि म्हणाले, "हे प्लास्टिक नाही, लोखंड आहे. ह्याला हात लावू नको, मिस्त्रीकडं ने." पुढच्या चाकाजवळच्या दांड्याचे रबरी बुश पार झिजले होते. इतर खडखडीत हा आवाज आम्हाला कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. तशीच गाडी पुण्याला नेली असती तर, हा विचार अजून येतो.

गाडी विकली नाही. परवा विहारातून येताना आई मागे बसली होती. बुधवार पेठेच्या वळणावर पुन्हा किणकिण सुरू झाली. बाबांना ऐकू आले नाही, पण आमचे तोंड बघून त्यांनी लगेच हात मागे नेला.

"अहो, राहू द्या," आई म्हणाली, "माझा डबा आहे."